साठ डॉलरची पेन्शन आणि विम्याला नकार: एथेल पर्सी अँड्रस यांनी निवृत्त शिक्षकांसाठी काय केलं, कसं केलं

कॅलिफोर्नियातल्या एका गावात एका दुकानदाराने निवृत्त मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस यांना एका म्हाताऱ्या बाईची विचारपूस करायला सांगितलं. पत्त्यावर गेल्यावर त्या नावाचं कुणी घरात नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, मागच्या अंगणात राहते ती बाई असेल. मागे कोंबड्यांचं खुराडं होतं आणि त्यात एक निवृत्त शिक्षिका राहत होती. पेन्शन होती, पण तेवढ्यात भाड्याची खोलीसुद्धा परवडत नव्हती, औषधपाण्याचं तर नावच नको.

अँड्रस यांच्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक लेखात हा प्रसंग येतो आणि लेख बहुधा तिथून थेट ‘एएआरपी’ या निवृत्तांच्या आजच्या अवाढव्य संघटनेवर उडी मारतो. मधली अकरा वर्षं, १९४७ ते १९५८, गाळली जातात. खरं काम त्या अकरा वर्षांत झालं. म्हाताऱ्या माणसाला विमा देणं हा धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा आहे, असं सगळ्या विमा व्यवसायाचं मत असताना तो विमा मिळाला कसा, हे या प्रकरणात पाहायचं आहे. अँड्रस यांचा गौरव करायचा असेल तर त्यांच्या करुणेइतकंच त्यांचं हिशेबी डोकंही समजून घ्यायला हवं.

मुख्याध्यापिका

अँड्रस यांचा जन्म १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला, त्या वाढल्या शिकागोत. १९०३ मध्ये शिकागो विद्यापीठातून पदवी घेऊन त्या शिकवू लागल्या. त्याच काळात हल हाउससारख्या सेवाकेंद्रात, परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांमध्ये त्यांनी काम केलं. १९१० मध्ये त्या कॅलिफोर्नियाला परतल्या आणि १९१६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या, पुढे अब्राहम लिंकन हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेच्या प्रमुख झाल्या. राज्यात हायस्कूलच्या मुख्याध्यापकपदी बसलेली पहिली स्त्री अशी त्यांची नोंद आहे. त्या खुर्चीत त्या २८ वर्षं होत्या. मधल्या काळात, १९३० मध्ये, त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टरेटही मिळवली.

शाळेतली मुलं मेक्सिकन, इटालियन, जपानी, रशियन अशा अनेक घरांतून येत. अँड्रस यांनी मुलांच्या आईवडिलांसाठीही प्रौढ वर्ग चालवले. पालकांना शाळेत आणलं नाही तर मूल शाळेत टिकत नाही, हे त्यांना कळलं होतं. एकेकट्या माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्याभोवतीचा गट उभा करायचा, ही त्यांची पद्धत तिथेच पक्की झाली.

१९४४ मध्ये आईच्या आजारपणामुळे त्यांनी निवृत्ती घेतली. हाती आलेलं राज्याचं निवृत्तिवेतन महिन्याला साठ डॉलरच्या किंचित वर होतं. घरची स्थिती बरी असल्याने त्यांचं भागत होतं. पण २८ वर्षं शाळा चालवणाऱ्या मुख्याध्यापिकेला एवढं, तर साध्या शिक्षिकेला किती, हा प्रश्न सुटत नव्हता. निवृत्त शिक्षकांच्या राज्य संघटनेत कल्याण विभागाचं काम अंगावर घेतल्यावर खुराड्यातली ती शिक्षिका त्यांना भेटली.

शिक्षकच इतके मागे का पडले?

अमेरिकेत १९३५ चा सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनचा, कायदा झाला तेव्हा राज्य आणि स्थानिक सरकारांचे नोकर त्यातून बाहेर ठेवले होते. सरकारी शाळांचे शिक्षकही या बाहेर ठेवलेल्यांतच आले. त्यांची पेन्शन राज्याच्या किंवा शहराच्या स्वतंत्र निधीतून येई, रक्कम जुन्या पगारांवर ठरलेली असे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर महागाई भडकली तरी ती हलत नसे. बहुतेक शिक्षिका अविवाहित होत्या, कारण कित्येक ठिकाणी लग्न केलं की बाईची शिक्षकाची नोकरी जात असे. त्यामुळे म्हातारपणी ना नवऱ्याची पेन्शन, ना मुलांचा आधार.

वर आणखी एक अन्याय होता. सोशल सिक्युरिटीतून मिळणाऱ्या पैशावर प्राप्तिकर नव्हता, शिक्षकाच्या पेन्शनवर मात्र होता. १९४७ मध्ये अँड्रस यांनी निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना, एनआरटीए, स्थापन केली तेव्हा पाठपुराव्याच्या पहिल्या विषयांत हा होता. १९५४ च्या महसूल कायद्यात निवृत्तांच्या उत्पन्नावर सवलत आली: १२०० डॉलरपर्यंतच्या निवृत्ती-उत्पन्नावर २० टक्के, म्हणजे करातून जास्तीत जास्त २४० डॉलर वजा.

हा विजय होता, पण कुणाचा, हे पाहिलं पाहिजे. ६५ वर्षांवरच्या एकट्या माणसाला तेव्हा ६०० डॉलरची नेहमीची आणि ६०० ची वयाची अशी १२०० डॉलरची सूट आधीच होती. महिन्याला साठ डॉलर म्हणजे वर्षाला ७२० डॉलर मिळवणाऱ्या बाईला मुळात कर लागतच नव्हता, मग करातून वजा काय होणार? सवलतीचा फायदा बऱ्या पेन्शनवाल्यांना झाला. खुराड्यातल्या शिक्षिकेला त्यातून एक सेंटही मिळाला नसता. करसवलतीच्या मागण्या करताना आपल्याकडच्या संघटनाही हाच हिशेब विसरतात. ज्याला कर लागत नाही, त्याच्यासाठी करसवलत हा उपाय नव्हे. त्याला बुडवतं ते रुग्णालयाचं बिल. अँड्रस यांचा सगळा जोर पुढे तिकडे वळला तो म्हणूनच.

नकार

त्या काळात अमेरिकेत आरोग्य विमा प्रामुख्याने नोकरीतून मिळे. मालक सगळ्या कामगारांचा एकत्र विमा काढी आणि नोकरी संपली की विमाही संपे. बाहेर वैयक्तिक पॉलिसी घ्यायला गेलं तर वय पाहूनच दार बंद होई, किंवा आधीपासूनची पॉलिसी पासष्टीला रद्द होई. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, येण्यापूर्वी ६५ वर्षांवरच्या साधारण निम्म्या लोकांकडे रुग्णालयाचा विमा नव्हता.

अँड्रस एकामागून एक विमा कंपन्यांकडे गेल्या. चाळीसहून अधिक कंपन्यांनी नकार दिला. त्यामागे नुसता निष्ठुरपणा नव्हता, एक खरी अडचण होती. ती समजून घेण्यासाठी समजुतीपुरते आकडे मांडू.

समजा १००० निवृत्त शिक्षक आहेत. वर्षाला त्यांतले १५० जण रुग्णालयात जातात, प्रत्येकी १० दिवस, दिवसाला १० डॉलर खर्च. एकूण १५,००० डॉलर. हजारही जण विम्यात असतील तर माणशी वर्षाला १५ डॉलर, महिन्याला सव्वा डॉलर. साठ डॉलरच्या पेन्शनमधून हे निघतं.

आता तोच विमा ज्याला हवा त्याने येऊन घ्यावा, अशा रीतीने विकायला ठेवा. तब्येत ठणठणीत असलेले म्हणतील, पुढच्या वर्षी बघू. ज्यांची शस्त्रक्रिया ठरलीच आहे ते पहिल्या दिवशी रांगेत. समजा २०० जणांनीच घेतला आणि आजारी पडणाऱ्या १५० पैकी १२० त्यात आहेत. खर्च १२,००० डॉलर, भागले २००: माणशी वर्षाला ६० डॉलर, महिन्याला पाच. हप्ता चौपट होतो. मग त्या दोनशेतलेही जे बरे आहेत ते बाहेर पडतात, हप्ता आणखी चढतो, आणि दोन-तीन वर्षांत योजना गुंडाळावी लागते. ही भीती प्रत्येक विमा कंपनीच्या मनात होती. त्यात म्हाताऱ्यांच्या दाव्यांचा पुरेसा अनुभवही त्यांच्याकडे नव्हता, कारण त्यांनी त्यांना कधी घेतलंच नव्हतं. अनुभव नाही म्हणून विमा नाही आणि विमा नाही म्हणून अनुभव नाही.

म्हणजे म्हाताऱ्यांचं आजारपण ही अडचण होतीच, पण त्याहून मोठी होती ती निवड. आजारी तेवढे आत येतात, निरोगी बाहेर राहतात. औषध करायचं होतं ते या निवडीवर.

तोडगा कसा बसला

न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी या गावचा लेनर्ड डेव्हिस हा विमा दलाल. त्याने न्यूयॉर्कच्या निवृत्त शिक्षकांसाठी एका विमा कंपनीला समूह विमा द्यायला राजी केलं होतं. अँड्रस यांनी त्याला गाठलं आणि १९५६ मध्ये कॉन्टिनेन्टल कॅज्युअल्टी कंपनीतर्फे तशी योजना एनआरटीएच्या देशभरातल्या सभासदांसाठी सुरू झाली. वैद्यकीय तपासणीची अट नव्हती.

तपासणी नाही, वयाची वरची मर्यादा नाही, तरी योजना टिकली. त्याची कारणं आजही कामाची आहेत. पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गट विम्यासाठी जमवलेला नव्हता. एनआरटीए १९४७ पासून होती. माणसं पेन्शनच्या प्रश्नासाठी, करासाठी, एकमेकांच्या ओळखीसाठी आली होती. अशा गटात निरोगी माणसं भरपूर असतात, कारण ती आजारपणामुळे आलेलीच नसतात. विमा नंतर आला आणि तयार गटावर बसला.

दुसरं कारण विक्रीच्या खर्चाचं. वैयक्तिक पॉलिसीत हप्त्याचा मोठा भाग एजंटच्या कमिशनवर आणि कागदपत्रांवर जातो. इथे सभासदांची यादी, पत्ते, छापील पत्रक आणि टपाल एवढ्यावर काम भागलं. पत्रावर सही ओळखीच्या मुख्याध्यापिकेची असल्याने विश्वास आधीच मिळालेला होता. शिवाय शिक्षक ही शिस्तीची जमात, हप्ता वेळेवर भरणारी, अर्ज नीट वाचून भरणारी. आणि सभासद देशभर पसरलेले असल्याने एका गावातल्या साथीने किंवा एका रुग्णालयाच्या दरवाढीने हिशेब कोसळत नव्हता.

अशा योजनेचं दार कायम उघडं ठेवता येत नाही. नावनोंदणीला ठरावीक मुदत असावी लागते. ती बारमाही केली की लोक आजारी पडण्याची वाट पाहून मगच फॉर्म भरतात आणि वरचं २०० जणांचं गणित सुरू होतं. विम्याची जाण नसलेल्या सभासदाला ही मुदत जाचक वाटते. तिच्यामुळेच तपासणीशिवाय विमा देता येतो, हे त्याला नीट समजावून सांगावं लागतं.

शिक्षकांच्या पलीकडे

विम्याची बातमी पसरली आणि शिक्षक नसलेल्या हजारो निवृत्तांची पत्रं येऊ लागली: आम्हाला का नाही? उत्तर म्हणून १९५८ मध्ये निवृत्तांची सर्वसाधारण संघटना, एएआरपी, उभी राहिली. त्याच वर्षी ‘मॉडर्न मॅच्युरिटी’ हे द्वैमासिक निघालं आणि अँड्रस यांनी ते स्वतः संपादित केलं. संघटनेचं ब्रीद होतं ‘सेवा करण्यासाठी, सेवा करून घेण्यासाठी नव्हे’. म्हातारा माणूस म्हणजे मदतीची वाट पाहणारा माणूस, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती.

१९५९ मध्ये टपालाने औषधं पाठवण्याची सोय सुरू झाली. डॉक्टरची चिठ्ठी पाठवायची, औषध स्वस्तात घरपोच यायचं. औषध दुकानदारांनी विरोध केला. पण रक्तदाबाची, सांध्यांची औषधं महिनोन् महिने तीच ती घ्यावी लागणाऱ्यांसाठी ही पद्धत चपखल होती, कारण औषध संपायची तारीख आधीच माहीत असते.

आम्हाला विशेष मोलाचं वाटतं ते १९६१ मधलं एक घर. त्या वर्षी जानेवारीत वॉशिंग्टनला वार्धक्यावर व्हाइट हाउसची पहिली परिषद भरली. अँड्रस यांच्या संघटनांनी तिथे एक नमुना घर उभं केलं, नाव ‘हाउस ऑफ फ्रीडम’. दारात पायऱ्यांऐवजी उतार. दरवाजे रुंद. न घसरणारी जमीन. न्हाणीघरात धरायला दांडे. विजेचे सॉकेट जमिनीलगत न ठेवता वर, म्हणजे वाकावं लागत नाही. आज हे सगळं प्रत्येक सल्लापत्रिकेत असतं, तरी आपल्याकडच्या नव्या इमारतींत अजूनही न्हाणीघराच्या दारात उंबरठा ठेवतात आणि गुळगुळीत फरशी बसवतात, आणि म्हातारं माणूस खुब्याचं हाड मोडून घेतं ते नेमकं तिथेच. त्या घराच्या नावातला विचार महत्त्वाचा आहे. दांडा हा अपंगत्वाची खूण नाही, दुसऱ्याला हाक न मारता अंघोळ करण्याचं स्वातंत्र्य आहे.

याआधी, १९५४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओहाय या गावी निवृत्त शिक्षकांसाठी ‘ग्रे गेबल्स’ हे निवासस्थान सुरू झालं होतं. तिथूनच संघटनेचा कारभार बराच काळ चालला. १९६३ मध्ये वॉशिंग्टनला आयुष्यभर शिकण्यासाठीची एक संस्थाही त्यांनी काढली. हे सगळं साठीनंतर सुरू केलेलं काम आहे.

कुठे चुकलं

गौरव करताना हा भाग टाळला तर प्रकरण अर्धं राहतं.

संघटना आणि विमा विकणारा यांचं नातं फार घट्ट झालं. डेव्हिस याने एएआरपीच्या स्थापनेला मदत केली आणि १९६३ मध्ये स्वतःचा कलोनियल पेन हा विमा उद्योग उभा केला. सभासदांचा विमा अनेक वर्षं त्याच एका ठिकाणी जात राहिला. सुरुवातीला यात वावगं नव्हतं, दुसरं कुणी दारात उभं करायला तयारच नव्हतं. पण धोका पत्करणाऱ्या पहिल्या भागीदाराला दिलेली सवलत कधी संपवायची, हे ठरवलं नव्हतं. म्हाताऱ्यांना विमा देता येतो हे सिद्ध झाल्यावर इतर कंपन्या बाजारात आल्या, तरी सभासदांसाठी दर तपासून घेतले गेले नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन पत्रकारांनी यावर जाहीर टीका केली: संघटना सभासदांसाठी आहे की विमा विकण्यासाठी? त्यानंतर ते नातं तुटलं, निविदा मागवल्या गेल्या आणि सभासदांचा आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे गेला. अँड्रस १९६७ मध्ये गेल्या होत्या, त्यांनी हे पाहिलं नाही. पण बीज त्यांच्या काळातलं आहे.

दुसरी गोष्ट मेडिकेअरची. पासष्टीनंतरच्या सगळ्यांना सरकारी रुग्णालय विमा देणारा हा कायदा ३० जुलै १९६५ ला सही होऊन १ जुलै १९६६ पासून लागू झाला. त्यातल्या डॉक्टरांच्या बिलांसाठीच्या ऐच्छिक भागाचा हप्ता महिन्याला तीन डॉलर होता आणि सुमारे १ कोटी ९० लाख लोक आत आले. त्या लढ्यात आघाडीवर होती ती कामगार संघटनांच्या पाठबळावर १९६१ मध्ये उभी राहिलेली ज्येष्ठ नागरिकांची एक वेगळीच राष्ट्रीय संघटना. मेडिकेअर अँड्रस यांनी आणलं असं कुणी लिहिलं तर ते बरोबर नाही. ज्यांना विमा देणं अशक्य म्हणत होते त्यांना तो देऊन दाखवला, एवढं श्रेय त्यांचं, आणि ते पुरेसं मोठं आहे. ऐच्छिक गटाची मर्यादाही मेडिकेअरनेच उघड केली. हप्ता भरणंच शक्य नसलेला माणूस कुठल्याही संघटनेच्या योजनेत येत नाही. त्याच्यासाठी सरकारच लागतं.

आपल्या संघांनी यातून काय घ्यावं

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळं दाट आहे आणि सभासदांसाठी एकत्रित मेडिक्लेम काढावा, हा विषय बैठकीत कधी ना कधी येतोच. भारतातल्या नियमांनुसार केवळ विमा घेण्याच्या मुख्य हेतूने गट बनवता येत नाही. गटाचं काहीतरी वेगळं, खरं प्रयोजन असावं लागतं. अनेकांना ही अट सरकारी आडकाठी वाटते. पण एनआरटीएची योजना टिकली ती याच गोष्टीमुळे. विरंगुळा केंद्र, सहली, व्याख्यानं, पेन्शनची कागदपत्रं यांसाठी वर्षानुवर्षं चालणारा संघ असेल तर विमा कंपनीपुढे मांडायला भक्कम बाजू असते.

उलट काय होतं, तेही आपल्याकडे दिसलं आहे. बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी २०१५ मध्ये समूह आरोग्य विमा आला. वयस्कांचा गट, त्यात सामील होणं ऐच्छिक. काही वर्षांतच हप्ता कित्येक पटींनी वाढला आणि अनेकांना तो झेपेनासा झाला. हजारातल्या दोनशेचं गणित ते हेच. म्हणून संघाने कंपनीशी बोलायला जाताना ‘किती जणांना विमा हवाय’ ही यादी घेऊन जाऊ नये. सगळ्या सभासदांची वयवार यादी घेऊन जावं, त्यांतले किती टक्के एकदम आत येतील याची लेखी संमती आधी जमवावी, आणि दर तीन वर्षांनी दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर मागवण्याचा ठराव पहिल्याच सभेत करून ठेवावा. डेव्हिसच्या प्रकरणात राहून गेलं ते हेच कलम.

मुलांकडे अमेरिकेत स्थायिक व्हायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांशी तर या कथेचा थेट संबंध आहे. तिथे नोकरी न केलेल्या, ग्रीनकार्ड मिळालेल्या पासष्टीच्या माणसाला सलग पाच वर्षं राहिल्यावरच मेडिकेअर हप्ता भरून घेता येतं. मधली पाच वर्षं खाजगी विम्यावर काढावी लागतात, त्याचा विचार भारतातून निघण्यापूर्वीच करून ठेवावा. प्रवासी विमा त्यासाठी पुरत नाही, कारण जुनी दुखणी त्यात बहुधा धरत नाहीत.

गौरव

१३ जुलै १९६७ रोजी अँड्रस यांचं निधन झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वयावरून नोकरीत भेदभाव करण्याला बंदी घालणारा संघराज्याचा कायदा झाला. संरक्षण तेव्हा ४० ते ६५ वयापुरतंच होतं, आणि सक्तीच्या निवृत्तीला तर अँड्रस यांनी आयुष्यभर विरोध केला होता. १९९३ मध्ये राष्ट्रीय महिला सन्मान दालनात त्यांचं नाव लागलं. एएआरपी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

पण त्यांना शोभणारं स्मारक त्यांच्याच विद्यापीठात, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. सभासदांनी वर्गणी जमवली आणि १९७३ मध्ये एथेल पर्सी अँड्रस वार्धक्यशास्त्र केंद्राची इमारत उभी राहिली. दोन वर्षांनी तिथेच वार्धक्यशास्त्राचं स्वतंत्र महाविद्यालय सुरू झालं, जगातलं पहिलं मानलं जाणारं. त्याला नाव लेनर्ड डेव्हिसचं आहे. तिथे विशीतली मुलं म्हातारपण हा विषय पदवीसाठी शिकतात: स्नायू का झिजतात, विसरभोळेपणा आणि स्मृतिभ्रंश यांत फरक काय, पेन्शन निधी कसा चालतो, घराचं दार किती रुंद हवं.